२० हजारांत भाड्याचं घर : विक्रोळी-भांडुप-मुलुंडला लहान, की पुढे कळवा-डोंबिवलीला ऐसपैस?

निशिगंधा

नमस्कार मंडळी. सध्या आम्ही चेंबूरला टिळकनगरमध्ये भाड्याने राहतो. आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. मालकांना बिल्डरकडून भाडं सुरू होईल, आम्हाला मात्र मेअखेर जागा रिकामी करायची आहे. मालक चांगले आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण याच भागात दुसरं घर बघायला गेलो तर आकडे ऐकून परत फिरलो. आजूबाजूच्या इमारतीही एकदमच खाली होताहेत आणि बिल्डरने दिलेलं भाडं हातात असलेली कुटुंबं जवळच राहायला मिळावं म्हणून मागतील तेवढे पैसे मोजताहेत. आमच्यासारख्या भाडेकरूंना कोण विचारतो!

अहो ठाण्यात वागळे इस्टेटला कामाला, मी अंधेरी पूर्वेला मरोळला. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल, तिला मराठी माध्यमातच घालायचं आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्ट हवी, नाहीतर तळमजला किंवा फार तर पहिला. भाडं २० हजारांपर्यंत, डिपॉझिट एक लाख. वन बीएचके मिळाला तर उत्तमच, मोठा वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) असेल तरी विचार करू.

घरात दोन मतं आहेत. अहो म्हणतात डोंबिवलीला जाऊ, मोठं घर मिळेल. मला वाटतं लहान चालेल, पण जवळ हवं, कारण संध्याकाळी मुलीला आणि सासूबाईंना माझी गरज असते. तुमचे अनुभव सांगा. घर बघताना काय बघायचं, करार कसा करायचा, तेही लिहा.

मुलुंडकर_पूर्व

दोघांच्या नोकऱ्या बघता मुलुंड तुम्हाला अगदी योग्य. अहोंना चेकनाका ओलांडला की वागळे, तुम्हाला स्लो पकडून घाटकोपर आणि तिथून मेट्रोने मरोळ नाका. पण २० हजारांत लिफ्टचा वन बीएचके मुलुंडात मिळणं कठीण आहे, आधीच सांगतो. पूर्वेला म्हाडा कॉलनी, गव्हाणपाडा, मिठागर रोड या बाजूला जुन्या इमारतींत तळमजले शोधा. तळमजल्याला भाडं थोडं कमी असतं, कारण लोकांना ओल, डास आणि रस्त्याचा आवाज नको असतो. तुमच्या सासूबाईंना मात्र तोच सोयीचा.

दिवा_फास्ट

अहोंना अनुमोदन! डोंबिवली पूर्वेला आम्ही १५ हजारांत लिफ्टचा वन बीएचके घेतलाय. बाल्कनी आहे, चोवीस तास पाणी आहे, भाजी दारात मिळते. फास्ट पकडली की थेट घाटकोपरला उतरायचं. मराठी शाळा, वाचनालयं, नाटकं, सगळं आहे. या इकडे.

रोहिणी_कां

>> फास्ट पकडली की थेट घाटकोपरला उतरायचं

दादा, पकडली की! सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीहून लेडीज डब्यात चढून बघितलंय का कधी? माझी वहिनी रोज चढते. एक हात दांडीला, पर्स पोटाशी, आणि घाटकोपरला उतरायचं तर ठाण्यापासूनच दाराकडे सरकायला लागायचं. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकणारी माणसं गाडीतून पडली, काहींचा जीव गेला. त्यानंतर आमच्या घरी महिनाभर कुणी दुसऱ्या विषयावर बोललं नाही.

निशिगंधाताई, भाड्यात पाच हजार वाचतात, पण ते तुमच्या अंगातून वसूल होतात. घरात लहान मूल आणि वयस्क माणूस असेल तर मी जवळच्या लहान घराच्या बाजूने.

दिवा_फास्ट

रोहिणीताई, गर्दी आहे हे मान्य. पण लाखो माणसं रोज हा प्रवास करतात तो हौसेने नाही. मुलाला अभ्यासाला वेगळी खोली द्यायची, आईवडिलांना स्वतःचा पलंग द्यायचा, तर मुंबईत आमच्या पगारात ते बसत नाही. वन आरकेमध्ये पाच माणसांत मी लहानाचा मोठा झालो. रात्री दिवा कधी मालवायचा यावरून रोज वाद व्हायचा. माझ्या मुलाला ते नको म्हणून मी ट्रेनमध्ये उभा राहतो.

रोहिणी_कां

पटलं. तुमच्या बाजूने हे मी बघितलं नव्हतं.

विक्रोळीकर

विक्रोळी पूर्व, कन्नमवार नगर. जन्मापासून इथेच. वसाहत म्हाडाची, खोल्या लहान आणि जुन्या इमारतींना लिफ्ट नाही, पण तळमजले भरपूर आहेत. मराठी वस्ती, सण जोरात, रात्री अकराला बाई एकटी स्टेशनवरून चालत आली तरी काळजी नसते. पुनर्विकास होऊन झालेल्या नव्या टॉवरमध्ये लिफ्ट आहे, भाडं मात्र तुमच्या बजेटच्या वर जाईल.

दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, ज्या कारणाने तुम्ही टिळकनगर सोडताय तेच इथेही जोरात चालू आहे. घर बघताना थेट विचारा, "सोसायटीने बिल्डर नेमलाय का? करार झालाय का?" मालक कधीकधी सांगत नाहीत. जिन्याजवळचा नोटीस बोर्ड वाचा, सर्वसाधारण सभेची नोटीस लावलेली असते, त्यात सगळं कळतं. नाहीतर सहा महिन्यांत परत टेम्पो बोलवायची वेळ यायची.

दुसरी गोष्ट कांजूरच्या कचऱ्याच्या डम्पिंगची. कन्नमवार नगर, टागोर नगर, कांजूर आणि भांडुप पूर्व या पट्ट्यात वास येतो. दिवसा घर बघायला आलात तर कळणारही नाही. रात्री उशिरा आणि पहाटे तो जास्त जाणवतो. घरात कुणाला दमा असेल तर रात्री एकदा त्या गल्लीत येऊन उभे राहा आणि मगच टोकन, म्हणजे घर पक्कं करायची आगाऊ रक्कम, द्या. आमची माणसं वर्षानुवर्षं याविरुद्ध भांडताहेत, कोर्टातही गेली आहेत. माझी वस्ती मला प्रिय आहे, पण वास लपवून तुम्हाला बोलावणार नाही.

आभाळमाया

विक्रोळीकर, किती प्रामाणिक लिहिलंत. अशी माहिती एजंट कधीच देत नाही.

कराराचा_कागद

मी भाडेकरारांची कामं करतो म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे भाड्याने घर म्हणजे 'लीव्ह अँड लायसन्स' करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी केली नाही आणि पुढे वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे 'राहू दे हो, नोटरी करून टाकू' म्हणणाऱ्या मालकाला हे शांतपणे सांगा.

खर्च फार नाही. पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. तुमचं २० हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट धरलं तर ११ महिन्यांला साधारण पाच-सहाशे रुपये होतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. बाकी एजंट घेतो ती त्याची मजुरी. हल्ली सगळं ऑनलाइन होतं, माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, आधारवर ठसा, फोटो, झालं काम. खर्च कोणी करायचा ते आधी बोलून घ्या, बहुतेक ठिकाणी निम्मा-निम्मा करतात.

कोकणकडा

११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असं ऐकून आहे. म्हणूनच तर सगळे ११ महिन्यांचा करतात ना?

कराराचा_कागद

महाराष्ट्रात लागते. लीव्ह अँड लायसन्स एक महिन्याचा असो की पाच वर्षांचा, नोंदणी लागतेच. ११ महिन्यांची सवय बाकी देशातल्या नियमामुळे रूढ झाली आणि इथेही चिकटली. उलट मी तर म्हणतो, घर आवडलं तर मालकाला २२ किंवा ३३ महिन्यांचा करार मागा आणि दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहून घ्या. मुलगी शाळेत जाणार आहे, तिला दरवर्षी नवं घर नको. आणि एजंटलाही दर ११ महिन्यांनी 'रिन्यूअलची' दलाली द्यावी लागत नाही.

एक महत्त्वाचं राहिलं. करारात 'लॉक-इन', म्हणजे ज्या काळात घर मध्येच सोडता येत नाही तो, किती महिन्यांचा आहे आणि नोटीस पिरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का, हे बघा. पुष्कळ छापील मसुद्यांत मालकाला एक महिन्याची नोटीस आणि भाडेकरूला दोन महिन्यांची असते. ते सारखं करून घ्या.

एकटी_पोळी

विषय निघालाच आहे तर माझंही लिहिते. नोकरी करणारी एकटी मुलगी, वय ३१. मुलुंड ते घाटकोपर पट्ट्यात घर शोधताना मला विचारलेले प्रश्न: लग्न का नाही, कोण कोण येणार, रात्री किती वाजता येता, मासे करता का. एका ठिकाणी सगळं ठरलं, टोकन द्यायला गेले, तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन आला की सोसायटीत नॉनव्हेज चालत नाही. मुंबईत, कोळ्यांच्या शहरात, मराठी मुलीने बोंबील तळायचे नाहीत! मी टोकनचे पैसे पर्समध्ये ठेवले आणि खाली उतरले. खूप रडले त्या दिवशी.

आभाळमाया

२०२३ मध्ये मुलुंडलाच एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली होती, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. घरांच्या बाबतीत हे रोज होतं, पण त्याचा व्हिडिओ होत नाही.

पाचवा_मजला

हेच माझ्या मित्राच्या बाबतीत, फक्त त्याचं आडनाव मुसलमान. त्याला मांसाहाराचं कारणही देत नाहीत, 'कालच गेली जागा' एवढंच सांगतात. मी फोन केला की तीच जागा असते. मराठी माणसावर अन्याय होतो तेव्हा आपण चिडतो, तेव्हा याच्यासाठीही चिडायला हवं.

कराराचा_कागद

सोसायटीचा मुद्दा स्पष्ट करतो. घर भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला आधी कळवायचं, नोंदणीकृत कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. भाडेकरूच्या ताटात काय आहे हे तपासणं कमिटीच्या कामात बसत नाही. आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात त्या 'नॉन-ऑक्युपन्सी' शुल्काच्या नावाखाली सोसायट्या मनाला येईल ती रक्कम मागतात तेही चालत नाही. २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ती सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि महापालिकेचे कर त्या हिशोबात धरायचे नाहीत. ती भरायची मालकाने. भाडेकरूकडून वेगळी मागितली तर हा आदेश दाखवा.

घरमालक_ऐरोली

मीही या धाग्यावर लिहू का? मी दुसऱ्या बाजूचा आहे. ऐरोलीला माझं एक लहान घर आहे, निवृत्तीनंतरचा तोच आधार. लोक म्हणतात मालक डिपॉझिट खातात. माझ्याकडच्या एका भाडेकरूने तीन महिन्यांचं वीजबिल थकवलं, स्वयंपाकघराचा ओटा फोडला आणि सिलिंडरही बरोबर नेला. डिपॉझिट नसतं तर मी काय केलं असतं? चांगला भाडेकरू मिळाला तर मी भाडं वाढवत नाही. आताचं कुटुंब चार वर्षं आहे, एकदाच हजार रुपये वाढवलेत.

मालकाला तीन गोष्टी हव्या असतात: भाडं वेळेवर, घर नीट, आणि सांगितलेल्या दिवशी चावी परत. जेवायला काय करता हे मी कधीच विचारलं नाही.

पाचवा_मजला

काका, तुमच्यासारखे मालक असतील तर वाद कशाला? पण 'रंगकाम' म्हणून महिन्याचं भाडं कापून घेणं बरोबर आहे का? दोन वर्षं राहिल्यावर भिंती मळतातच.

घरमालक_ऐरोली

नेहमीच्या वापराने मळल्या तर मी कापत नाही. खिळे ठोकून गिलावा पाडला असेल तर कापतो. करारात हे लिहिलं की दोघांनाही सोपं जातं. मी घर देताना भाडेकरूबरोबर फिरून व्हिडिओ काढतो आणि दोघांच्या फोनवर ठेवतो. सोडतानाही तसंच. वाद झाला तर व्हिडिओ लावायचा.

समुद्रपक्षी

हेवी डिपॉझिटचा विचार केलात का ताई? १० लाख एकदम द्यायचे, भाडं शून्य. सोडताना १० लाख जसेच्या तसे परत. आमच्या नात्यात दोघांनी केलंय.

कराराचा_कागद

कृपया विचार करून. तुमचे १० लाख मालकाच्या खात्यात जातात आणि तो ते बहुधा दुसरीकडे गुंतवतो किंवा स्वतःचं कर्ज फेडतो. परत देताना 'नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून देतो' हेच ऐकू येतं. त्याहून वाईट म्हणजे घरावर गृहकर्ज असेल आणि हप्ते थकले तर बँक ताबा घ्यायला येते. मग तुम्हाला घरही सोडावं लागतं आणि पैशांसाठी मालकाच्या मागे फिरावं लागतं. करायचंच असेल तर घरावर कर्ज आहे का ते आधी तपासा आणि पूर्ण रक्कम नोंदणीकृत करारात येऊ द्या. 'करारात ५० हजार दाखवू, बाकी रोख' म्हणणाऱ्याकडे जाऊच नका.

समुद्रपक्षी

बँकेचा मुद्दा लक्षात आला नव्हता. आत्ताच मावशीला फोन करते.

सातमजली

स्वस्त घराच्या नादात एक गोष्ट तपासायला विसरू नका. इमारत अधिकृत आहे का आणि धोकादायक तर नाही ना. वागळेला लागून किसन नगर वगैरे भागात खूप कमी भाड्यात खोल्या मिळतात, अहोंचं ऑफिस चालत येईल. पण तिथल्या पुष्कळ इमारती जुन्या आणि विनापरवाना आहेत, म्हणूनच तिथे क्लस्टर योजना, म्हणजे अख्ख्या वस्तीचा एकत्र पुनर्विकास, आली. डोंबिवलीतही असंच. २०२४ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने बोगस रेरा प्रकरणातल्या, म्हणजे खोट्या कागदपत्रांवर गृहप्रकल्पाची सरकारी नोंदणी मिळवलेल्या, ६५ इमारती पाडायचा आदेश दिला. नवीकोरी, लिफ्टवाली, टाइल्स चकचकीत अशी घरं होती ती. ज्यांनी विकत घेतली त्यांचं तर आयुष्यच विस्कटलं.

पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढतात, त्यात नाव आहे का बघा. आणि मालकाला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आहे का विचारा. भाडेकरूला काय करायचंय ओसीशी, असं म्हणू नका. ओसी नाही तिथे पाण्याचे हाल असतात, टँकरचे पैसे महिन्याला वेगळे जातात.

बदलापूर_बॅरेज

कुणी आमच्या बदलापूरचं नाव घेईना! ९ हजारांत वन बीएचके, मागे डोंगर, हवा स्वच्छ. पावसाळ्यात तर घरात बसून हिरवळ बघायची.

दिवा_फास्ट

पावसाळ्यात उल्हास नदीही बघायची! २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस तुमच्या गावापुढेच पाण्यात अडकली होती.

बदलापूर_बॅरेज

ती वांगणीच्या बाजूला होती, पण पूर आला होता हे खरं. नदीकाठच्या पश्चिमेकडच्या तळमजल्यांत पाणी शिरलं होतं. म्हणून पूर्वेला घ्या आणि शेजाऱ्याला 'एकोणीसला पाणी कुठपर्यंत आलं होतं' असं विचारा, लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. निशिगंधाताईंना मात्र मीसुद्धा बदलापूर सांगणार नाही. मरोळ फारच लांब पडेल.

खारेगावची

कळवा! कुणीच कसं म्हणालं नाही? खारेगाव, पारसिक नगर बघा. ठाण्याचं अगदी पुढचं स्टेशन, भाडं ठाण्यापेक्षा बरंच कमी. अहोंना रिक्षा-बसने वागळे, तुम्हाला स्लोने घाटकोपर, नाहीतर ठाण्याला उतरून फास्ट. आम्ही १७ हजारांत लिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहोत. पाणी सकाळी-संध्याकाळी येतं, टाकी आहे. अडचण एकच, कळवा नाक्याचा ट्रॅफिक.

ऐरोलीची_सून

ऐरोलीचाही विचार करा. नवी मुंबईचं पाणी मोरबे धरणाचं, त्यामुळे टंचाई कमी. ट्रान्स-हार्बरने ठाणे जवळ, मध्ये फक्त दिघा गाव. अहोंना सोपं जाईल, तुम्हाला मात्र ठाण्याला गाडी बदलावी लागेल. भाडं वाढलंय हे खरं, आयटी पार्कमुळे.

आभाळमाया

घर कसं बघायचं ते कुणी लिहिलं नाही. आमच्या आईची पद्धत सांगते. तिने आयुष्यात बरीच बिऱ्हाडं केली.

ती घर बघायला संध्याकाळी जायचीच नाही. सकाळी पाण्याच्या वेळेला जायची. आधी मोरीतला नळ, मग स्वयंपाकघरातला, मग संडासातला, आणि शेवटी तिन्ही एकदम सोडून बघायची. धार बारीक झाली की ती मालकाकडे नुसती बघायची. मग न्हाणीघराच्या छताकडे मान वर करायची, कारण वरच्या मजल्याची गळती तिथे आधी दिसते. नवा रंग मारलेली एखादीच भिंत असेल तर तिच्यावर तळहात ठेवून दाबायची, आत ओल असेल तर रंगाखाली पोपडा हलतो. कपाट असेल तर उघडून नाक आत घालायची. खिडकीत उभी राहून विचारायची, "कपडे कुठे वाळत घालायचे?" तुम्हाला हसू येईल, पण पावसाळ्यात चार माणसांचे कपडे वाळवायला जागा नसेल तर घरात कुबट वास सुटतो आणि लहान मुलं सर्दीने बेजार होतात.

मी यात एकच भर घालीन. वीजमीटरचा ग्राहक क्रमांक घ्या आणि थकबाकी तपासा. भांडुप-मुलुंडला महावितरण आहे, तुमच्याकडे चेंबूरला कंपनी वेगळी.

एकटी_पोळी

आभाळमाया, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

इस्त्रीवाल्याचा_मित्र

दलाली वाचवायची असेल तर हे करा. जो भाग आवडला तिथे शनिवारी सकाळी जा आणि इस्त्रीवाला, पोळीभाजी केंद्र, दूधवाला आणि वॉचमन यांच्याशी बोला. कुठलं बिऱ्हाड हलणार हे इस्त्रीवाल्याला एजंटच्या आधी कळतं, कारण लोक त्याचा हिशोब चुकता करतात. आम्हाला भांडुपला घर असंच मिळालं, पोळीभाजीवाल्या काकूंनी सांगितलं. काकूंनी पैसे घेतले नाहीत, पण अजूनही आम्ही डबा त्यांच्याकडूनच घेतो.

एजंटमार्फत घेतलंत तर एक महिन्याचं भाडं ही मुंबईतली रीत आहे. जास्त मागितलं तर देऊ नका. आणि घर दाखवायचे पैसे मागणाऱ्याला तिथूनच परत पाठवा.

हिशोबी_मावशी

पगारातून घरभाडं भत्ता मिळत असेल आणि जुन्या करप्रणालीत असाल तर एक बघा. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो. पुष्कळ मालक पॅन द्यायला नकार देतात. म्हणून टोकनच्या आधीच विचारा, नंतर विचारलं की चेहरा बदलतो. भाडं बँकेतूनच द्या, रोख नको.

पाचवा_मजला

शाळेचं कुणीच बोललं नाही. ताई, आधी मुलीची शाळा ठरवा आणि तिच्या भोवती घर शोधा. मराठी शाळा कमी होताहेत. मुलुंड पूर्वेला आणि ठाण्यात अजून चांगल्या आहेत, शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा. सासूबाईंना नातीला चालत सोडता-आणता आलं तर तुमचा अर्धा ताण जाईल.

निशिगंधा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल आम्ही दोघांनी सासूबाईंना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले.

सासूबाईंना पाचवा_मजला यांचं पटलं. त्या म्हणाल्या, "घर कितीही लहान असू दे, पोरीला शाळेत मी सोडणार." त्यामुळे डोंबिवली सध्या बाजूला ठेवली, अहोही तयार झाले. दिवा_फास्ट, तुमचं म्हणणं अहोंना फार भावलं, पण माझ्या प्रवासाचा विचार करून त्यांनीच नको म्हटलं.

विक्रोळीला जाऊन आलो. विक्रोळीकरांनी सांगितलं तसं रात्री गेलो. त्या दिवशी वास होता. सासूबाईंना खोकला असतो, म्हणून मन घट्ट करून सोडलं. घर खरंच छान होतं.

आता दोन जागा डोळ्यासमोर आहेत. एक मुलुंड पूर्वेला तळमजला, मोठा वन आरके, भाडं १९ हजार, शाळा पाच मिनिटांवर. दुसरी खारेगावला वन बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट, १८ हजार, शाळेला रिक्षा लागेल. मुलुंडच्या मालकांनी २२ महिन्यांचा करार चालेल म्हटलंय. पण तळमजल्याला एका भिंतीवर नवा रंग आहे, फक्त एकाच. शनिवारी सकाळी पुन्हा जाणार आहे. काय विचारू?

आभाळमाया

आधी हात ठेवून दाबून बघा. मग मालकांना सरळ विचारा, "ही भिंत कशाच्या पलीकडे आहे?" पलीकडे संडास-न्हाणी किंवा पाइपांची डक्ट असेल तर ओल परत येणारच. ते दुरुस्त करून देणार असतील तर तारखेसकट करारात लिहून घ्या. आणि पावसाचं पाणी अंगणातून आत येतं का, ते शेजारच्या तळमजल्यावाल्यांना विचारा, मालकांना नको.

मुलुंडकर_पूर्व

ताई, शनिवारी मी सकाळी नऊपर्यंत घरीच आहे. कुठली गल्ली ते निरोपात कळवा. मी आणि बायको दोघं येतो, तिला त्या भागातल्या बऱ्याच इमारतींची माहिती आहे. सासूबाईंनाही आणा, पायऱ्या त्यांनाच चढून बघू द्या. तळमजला म्हणतात, पण जोत्याला चार-पाच पायऱ्या असतातच.

घरमालक_ऐरोली

आणि दुरुस्तीचं लिहून द्यायला मालक तयार नसतील तर ते घर घेऊ नका. मी मालक असून सांगतोय.

निशिगंधा

मुलुंडकर दादा, निरोप पाठवला आहे. शनिवारी साडेसातला येतो. पाण्याची वेळ तीच आहे.